तेलचित्राची फळी आधी नीट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पणजीच्या मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत, जुन्या गोव्यात आणि फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या आवारात चित्रकार बसलेले दिसू लागतात. बहुतेकांच्या मांडीवर जलरंगाचा कागद असतो. तेलरंगात जुनी घरे, चर्च, देवळे रंगवणारे थोडे. जे आहेत त्यांना हटकून ऐकवले जाते की गोव्याच्या दमट हवेत तेलचित्र टिकत नाही, दोन पावसाळ्यांत त्यावर बुरा (बुरशी) चढतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. बुरा चढतो आणि पोपडे सुटतात हे खरेच आहे. पण दोष बहुतेक वेळा रंगाखालच्या फळीचा असतो आणि खापर हवेवर फोडले जाते. फळी घरी किंवा मेस्ताकडून (सुताराकडून) नीट करून घेतली तर आपल्याच हवेत तेलचित्र पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते. हे काम कसे करायचे ते सविस्तर कुठे छापलेले सहसा मिळत नाही, म्हणून पत्र लांबले तरी ते छापावे ही विनंती.

याचा दाखला गोव्यातच आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची चित्रे आहेत. तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रू याने १५४७ मध्ये ही मालिका सुरू करवली. इतिहासकार गास्पार कोर्रेया याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रे लाकडी फळ्यांवर तेलरंगात काढली. पुढच्या काळात त्यांवर वारंवार दुरुस्ती झाली, मूळ रंगावर नवे रंग चढले, काही चित्रे लिस्बनला नेऊन तपासावी लागली. म्हणजे फळीवरचे तेलरंग येथे शतकानुशतके राहतात, आणि हेळसांड झाली तर त्यांचे हालही होतात. दोन्ही गोष्टी त्या एकाच दालनात शिकायला मिळतात.

आधी लाकूड. फणस आणि जुना साग ही दोन लाकडे येथे मिळतात आणि कामाला चांगली आहेत. फणसाला वाळवी सहसा लागत नाही, रंधा चांगला चालतो, आणि एकदा वाळले की ते फारसे हलत नाही. सागही थोडाच हलतो, पण त्यात स्वतःचे तेल असते. सरस (प्राणिज गोंद) किंवा अस्तर (रंगाखालचा पांढरा थर) लावण्याच्या अगदी आधी, त्याच तासात, फळी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली नाही तर अस्तर धरत नाही आणि वर्षभरात कडेने सुटू लागते. आंब्याची फळी स्वस्त पडते. तिला बारीक भुंगा लागतो आणि मागून पिठासारखा भुसा पडत राहतो, म्हणून ती टाळावी. कोणत्याही लाकडाचा सालीलगतचा पांढरट भाग कापून टाकावा. कीड तिथूनच सुरू होते.

जुनी घरे पाडली की त्यांचे वासे, दारे, खिडक्या विकायला येतात. हे लाकूड पन्नास-शंभर वर्षे वाळलेले असते, त्याहून चांगले मिळणार नाही. मात्र त्यात मोडलेले खिळे असतात, ते लोहचुंबक फिरवून शोधावेत. त्यावरचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये. त्या काळच्या रंगांत शिसे असे, आणि घासल्यावर ती धूळ घरभर होते. तो थर रंध्याने जाड काढून टाकावा, नाकाला मास्क लावावा आणि सगळा कीस गोळा करून दूर टाकावा.

नवे लाकूड घेतले तर वाळवणीची घाई करू नये. सावलीत, भिंतीपासून दूर, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचावे. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा जुना हिशेब आहे, तो खोटा नाही. फळी वाळली की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला ती तोलून वजन तिच्याच कडेवर पेन्सिलीने लिहावे. सलग चार आठवडे वजन तेच आले की फळी हवेशी जमली. ही तोलणी डिसेंबर ते मार्चमध्ये करावी, जुलैत तिला अर्थ नाही.

लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलते. एक फूट रुंदीची सागाची फळी घ्या, जिच्या टोकाकडे पाहिल्यावर वर्षकड्या रुंदीला जवळपास समांतर दिसतात. मेच्या कोरड्या दुपारपासून जुलैच्या ओलीपर्यंत ती अडीच ते तीन मिलिमीटर फुगते. तीच फळी वर्षकड्या जाडीत उभ्या येतील अशी चिरलेली असेल तर जवळपास निम्मीच हलते आणि वाटीसारखी वाकतही नाही. म्हणून सॉ मिलमध्ये फळी निवडताना तिचे तोंड पाहू नये, टोक पाहावे. उभ्या कड्यांच्या फळ्या अरुंद मिळतात. चार-चार इंचांच्या तीन जोडून फूटभर रुंदी करावी. जोडाच्या कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्यात की उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. पाण्याला दाद न देणारा गोंद लावून शिकंज्यात रात्रभर दाबावे. जाडी १० बाय १२ इंचांच्या चित्राला १२ मिलिमीटर पुरे, १६ बाय २० ला १८ मिलिमीटर लागते.

सगळ्यात जास्त फळ्या फुटतात त्या मागच्या आडव्या पट्ट्यांमुळे. फळी वाकू नये म्हणून मागे दोन पट्ट्या गोंद लावून, वर खिळे ठोकून पक्क्या केल्या जातात. फळी रुंदीत हलणार, पट्टी लांबीत हलणार नाही. मग दोघींच्या ओढाताणीत फळी जोडावर किंवा मधोमध फाटते आणि भेग थेट चित्रात येते. पट्टी मोकळी हवी. फळीच्या मागे जाडीच्या एक-तृतीयांश खोलीची आडवी खाच पाडावी, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. त्याच आकाराची पट्टी कडेने सरकवावी आणि गोंदाचा एक थेंबही लावू नये. जुन्या घरांच्या दारांत चौकटीतली मधली फळी खाचेत अशीच मोकळी बसवलेली असते, त्यामुळे मेस्ताला हे दोन वाक्यांत कळते. चित्रकारानेच ते मागायला हवे.

प्लायवूडबद्दल तुच्छतेने बोलले जाते, ते योग्य नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचे मरीन प्लायवूड घेतले तर ते अखंड लाकडापेक्षाही कमी हलते. आयएस ३०३ छापाचे साधे प्लाय मात्र आपल्या पावसाळ्यात कडेने उकलते. दहा इंचांपर्यंत ६ मिलिमीटर, त्यापुढे ९ किंवा १२ मिलिमीटर. प्लायचा दोष वेगळा आहे. वरचा पातळ थर ओंडका फिरवून सोललेला असतो, त्यात रेघांसारख्या बारीक चिरा असतात आणि दोन-तीन वर्षांत त्या अस्तरातून वर येतात. त्यावर उपाय म्हणजे अस्तराआधी जुनी, धुतलेली मलमल सरसात बुडवून फळीवर बसवणे. तळव्याने मधून कडेकडे दाबत हवा काढावी, आणि कापड कडेवरून दोन सेंटिमीटर मागे वळवावे. जोडलेल्या अखंड फळीलाही जोडांवर अशी पट्टी लावावी.

कागदी पुठ्ठ्यावर कॅनव्हास चिकटवलेले तयार बोर्ड दुकानात मिळतात. त्यांच्या कडा उघड्या असतात, पहिल्याच पावसाळ्यात पुठ्ठा ओल पितो आणि पापडासारखा वळतो. शिकण्यासाठी ते ठीक आहेत. ठेवायच्या चित्रासाठी नाहीत.

आता फळीची पाठ. फळीच्या तोंडावर अस्तर आणि रंग चढतात, मागची बाजू कोरीच राहते. जूनमध्ये ओल मागूनच आत शिरते, मागचे तंतू फुगतात, पण फळीचा उरलेला भाग त्यांना पसरू देत नाही, म्हणून ते आतल्या आत दबतात. हिवाळ्यात ओल गेली की हे दबलेले तंतू आधीपेक्षाही आखडतात. असे चार-पाच पावसाळे झाले की पाठ आत ओढली जाते, चित्राची बाजू बाहेर फुगते आणि रंगाला ताण पडून फळीच्या रेषांच्या दिशेने भेगा येतात. म्हणून जे पुढे लावाल तेच आणि तितकेच मागे लावावे. पुढे आठ हात अस्तराचे, तर मागेही आठ. चारही कडांना, विशेषतः टोकांना, दोन हात जादा. लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांतून पिते. हे एवढे केले तरी निम्मे त्रास टळतात, आणि नेमके हेच बहुतेक जण आळसाने सोडतात.

अस्तराचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग सरस आणि खडूचा. ३५ ग्रॅम सुका सरस अर्धा लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी तो जेलीसारखा फुगलेला असतो. ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सरस विरघळवावा, ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. उकळला की त्याची पकड जाते. वास आणि रंग तेच राहतात, त्यामुळे बिघडल्याचे कळतही नाही. यातला थोडा निम्म्या पाण्याने पातळ करून फळीला सर्व बाजूंनी एक हात द्यावा आणि रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी एक वाटी कोमट सरसपाण्याला दीड वाटी खडूची बारीक पूड घ्यावी. पूड वरून भुरभुरत सोडावी, ती आपोआप खाली बसते. दहा मिनिटांनी हलक्या हाताने ढवळून मलमलीतून गाळावी. जोरात घुसळले की हवेचे बुडबुडे शिरतात आणि वाळल्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. पहिला हात ब्रशने न देता बोटांनी चोळून भरावा. पुढचा प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा द्यावा. आधीच्या थराची ओली चकाकी गेली पण गारवा अजून आहे अशा वेळी. सहा ते आठ हात एकाच दिवसात संपवावेत. अर्ध्या लिटरच्या सरसात १० बाय १२ च्या दोन-तीन फळ्या पुढूनमागून होतात.

यात नेमके कुठे चुकते? दिवसभर कोमट राहिलेल्या भांड्यातून पाणी उडत जाते आणि सरस दाट होतो. मग वरचे हात खालच्यांपेक्षा बळकट होतात, वाळताना जास्त ओढतात आणि जाळीसारख्या भेगा येतात. दर तासाला थोडे गरम पाणी घालून आटलेले भरून काढावे. मिश्रण फार पातळ झाले तर अस्तर बोटाला पांढरे लागते, तेही वाईट. वाळल्यावर २२० नंबरच्या आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, ठोकळ्याला गुंडाळून, घासावे. हे अस्तर तेल फार पिते, रंग मेल्यासारखे दिसतात. म्हणून पातळ चपडा लाखेचा एकच हात देऊन भूक कमी करावी.

सरस-खडूचे अस्तर समुद्रापासून दूर, घराच्या कोरड्या माडीवर चांगले राहते. समुद्रालगत किंवा खाजणाकाठी, जिथे पावसाळ्यात भिंतींनाच बुरा येतो, तिथे सरस हे बुऱ्याचे खाद्य होते. अशा ठिकाणी ॲक्रिलिक जेसो (तयार मिळणारे पांढरे अस्तर) वापरावा. पुढे चार हात, मागे चार, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन, आणि शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस थांबून मग तेलरंग. ॲक्रिलिकवर तेल चालते, तेलावर ॲक्रिलिक कधीच चालत नाही. ते चिकटत नाही आणि सालीसारखे निघते. भिंतीची सिमेंटयुक्त पुट्टी अस्तराला वापरलेली दिसते. ती क्षारयुक्त असते, तेलाचा साबण करते आणि रंग खालून मऊ पडून सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिसही तसेच वापरू नये, ब्रशखालीच ते आवळते.

रंगांविषयी थोडक्यात. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावावी. जुन्या इमारतींना लागणारे बहुतेक सगळे रंग मातीचे आहेत, म्हणून टिकाऊही आहेत: यलो ओकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड, रॉ अंबर. त्यांच्या जोडीला अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि टिटॅनियम व्हाइट घेतले की गोवा रंगवता येतो. अलिझरिन क्रिमझन, पीआर ८३, उजेडात उडतो. बोगनवेलीसाठी त्याचा मोह होतो, तो टाळावा. हार्डवेअरच्या दुकानातले उकळलेले जवसतेल चित्राला वापरू नये. त्यात वाळवणारी द्रव्ये असतात आणि ते काळपट होत जाते. घाण्याचे शुद्ध केलेले कच्चे जवसतेल वेगळे. पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला, पुढचे थर एक भाग तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकटच हवा. उलटे झाले तर खालचा तेलकट थर अजून हलत असतो, वरचा कोरडा थर कडक होतो आणि फाटतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि स्वतःहून पेट घेतात. ती उघडी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्याच्या डब्यात टाकावीत. शाळांत आणि वर्गांत हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

रेखाटन शिसपेन्सिलीने गडद करू नये. तेल वर्षानुवर्षांनी पारदर्शक होत जाते आणि पेन्सिलीच्या रेघा पांढऱ्या भिंतीतून वर दिसू लागतात. पातळ बर्न्ट सिएनाच्या रेघेने आखावे, म्हणजे ती दिसली तरी चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) रंगात मिसळते.

आता इमारती. गोव्याच्या जुन्या बांधकामाचा रंग चिरा ठरवतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा नारिंगी असतो, पावसाळे खाल्लेला जांभळट तपकिरी होतो, आणि जोत्यापाशी त्यावर काळी शेवाळ चढते. बर्न्ट सिएनात यलो ओकर मिसळून उन्हाची बाजू, आणि त्यातच अल्ट्रामरीन घालून सावली. काळी ट्यूब उघडायचीच नाही. चिऱ्याची भोके मोजून काढणारे चित्र फसते. दहा चिऱ्यांपैकी दोनवर खडबडीतपणा दाखवला तर बाकीचे डोळा भरून घेतो. बॉम जेझुस बॅसिलिकाचा बाहेरचा चिरा आज उघडा दिसतो, कारण त्यावरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. ही इमारत १५९४ ते १६०५ मध्ये बांधली, आणि तिचे मूळ रूप लाल नव्हते हे रंगवणाऱ्याला माहीत असावे. समोरच्या से कॅथेड्रलवर गिलावा आहे, म्हणून दोघांचा पोत एकाच ब्रशने काढू नये. से कॅथेड्रलचे दर्शनी तोंड पूर्वेला आहे. सकाळी दहाच्या आत बसावे, दुपारनंतर ते सावलीत सपाट होते. त्याचा दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला. समतोलासाठी मनाने दुसरा मनोरा काढणे ही चूक समजावी.

चुन्याचा पांढरा रंग ट्यूबमधला पांढरा नसतो. उन्हात त्यात किंचित यलो ओकर, सावलीत वरच्या भागात आकाशाची निळाई, आणि जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंत तांबड्या मातीचे प्रतिबिंब. फोंतेन्हासमधले सेंट सेबास्टियनचे छोटे चॅपल किंवा पणजीचे चर्च काढताना हे तिन्ही वेगवेगळे ओळीने ठेवले की भिंत गोल नसूनही जिवंत वाटते. फोंतेन्हासच्या निळ्या भिंतीत नीळ घातलेल्या चुन्याचा निळा असतो. अल्ट्रामरीन आणि पांढऱ्यात चिमूटभर रॉ अंबर घातल्याशिवाय तो प्लास्टिकसारखा दिसतो. तो सारखा उडत नाही. पागोळीखाली गडद राहतो आणि उन्हाच्या पट्ट्यात फिका पडतो. हा फरकच त्या घराचे वय सांगतो. इंडियन रेड फार बळजोर आहे. वाटाण्याएवढा घेतला तरी पांढऱ्याचा सगळा ढीग गुलाबी होतो, म्हणून तो पांढऱ्यात थोडा थोडा घालावा, पांढरा त्यात घालू नये.

मंगळुरी कौलांचे छप्पर एकेक कौल काढत रंगवले की चित्र तिथेच अडकते. आधी सगळ्या छपराचा एक मधला रंग, मग ओळींच्या आडव्या सावल्या, वर जाताना जवळजवळ येत गेलेल्या, आणि शेवटी पागोळीजवळच्या दोन ओळींतच कौले. उत्तरेकडच्या उतारावर काळी शेवाळ जास्त असते. शिंपल्यांच्या खिडक्या पांढऱ्या नसतात. बाहेरून त्या हिरवट राखाडी, मोत्यासारख्या; प्रत्येक तावदानाचा रंग शेजारच्याहून थोडा वेगळा ठेवला की शिंपला दिसतो. बाल्कांवच्या (घराच्या दारापुढच्या ओट्याच्या) सोप्यावर बसणाऱ्यांच्या पाठीने गुळगुळीत झालेली भिंत इतर भिंतीपेक्षा चकाकते. ती जागा चुकवू नये.

देवळांच्या चित्रांत सर्वाधिक चूक शिखराची. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा यांसारख्या देवळांचा अष्टकोनी मनोरा आणि त्यावरचा घुमट न पाहता सवयीने देशावरच्या देवळाचे निमुळते शिखर काढले जाते. अष्टकोनाच्या एका वेळी तीनच बाजू नीट दिसतात, मधली रुंद, कडेच्या दोन आकसलेल्या. मंगेशीची दीपमाळ सात मजल्यांची. नजरेच्या पातळीवरचा मजला सरळ रेघेसारखा, त्यावरच्या मजल्यांची वळणे वर फुगणारी, खालच्यांची खाली. तांबडी सुर्ला येथील बारा-तेराव्या शतकातले कदंबकालीन महादेवाचे देऊळ काळ्या बेसाल्टचे आहे, भोवती रान. तिथल्या दगडात झाडांचा हिरवा उतरतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या काळपटात व्हिरिडियनचा थेंब लागतो.

कावी कलेच्या भिंती रंगवताना तंत्रच उसने घ्यावे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या काव्याचा थर देऊन तो खरवडतात आणि खालचा पांढरा उघडा करतात. फळीवरही वाळलेल्या पांढऱ्या रंगावर इंडियन रेडचा पातळ थर द्यावा आणि ओला असताना बांबूच्या टोकदार काडीने ओरखडून नक्षी काढावी. ब्रशने तांबड्यावर पांढरी रेघ ओढली तर ती वर चिकटवल्यासारखी दिसते. काडीचे टोक अस्तरापर्यंत जाऊ देऊ नये, तिथून ओल शिरते.

उजेडाचा हिशेब. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पागोळीची सावली सरळ भिंतीवरून खाली उतरते आणि भिंतीला घाट राहत नाही. डिसेंबरमध्ये दुपारीही सूर्य ५१ अंशांवरच असतो, सावल्या तिरक्या आणि लांब मिळतात. एका जागी दोन तासांपेक्षा जास्त बसू नये. त्याच तासाला तीन दिवस यावे.

वाळवणे. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. पातळ थर कोरड्या दिवसांत चार-सात दिवसांत हाताला लागत नाही, पावसाळ्यात दुप्पट वेळ घेतो. अंबर लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट आणि काळा उशिरा. चित्र वाळायला कपाटात, अंधारात ठेवू नये, जवसतेल अंधारात पिवळे पडते. खिडकीच्या उजेडात ते पुन्हा बरेचसे निवळते. वार्निश किमान सहा महिन्यांनी, जाड रंग असेल तर वर्षाने, आणि फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊन चढल्यावर. चवथीच्या सुमारास प्रदर्शनाच्या घाईत लावलेल्या वार्निशवर निळसर पांढरा धूसरपणा येतो. तो बुरा नव्हे, वार्निशात अडकलेली ओल असते, आणि पुसून जात नाही.

चौकटीत फळी खिळ्यांनी घट्ट करू नये. चारही बाजूंना तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि मागून वाकणाऱ्या पितळी पट्ट्यांनी नुसती टेकवावी. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे लावावेत म्हणजे भिंतीपासून हवा खेळते. पश्चिमेकडच्या बाहेरच्या चिरेबंदी भिंतीवर जून ते सप्टेंबर चित्र टांगूच नये. ती भिंत आतून ओली असते. दिवसा एसी आणि रात्री बंद अशी खोली सगळ्यात वाईट. मागे बुरा दिसला तर ओल्या फडक्याने पुसू नये, तो आत पसरतो. बाहेर, मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झटकावा आणि फळी सावलीत वाऱ्यावर ठेवावी.

शेवटी आयोजकांना आणि कला शिक्षकांना एक मागणी. इमारतींच्या स्थळचित्रणाच्या स्पर्धांत 'कॅनव्हास किंवा कागद' एवढेच नियमात असते. त्यात तयार केलेली लाकडी फळीही घालावी, आणि तेलरंगाची स्पर्धा सप्टेंबरऐवजी डिसेंबरात घ्यावी. निकालाआधी परीक्षकांनी चित्र उलटे करून पाठ पाहावी. आणि प्रत्येक चित्राच्या मागे पक्क्या शाईने लिहिलेले असावे: कोणती इमारत, कोणत्या गावी, कोणता दिवस आणि तास, कोणते लाकूड, अस्तर कोणते आणि किती हात, कोणते रंग आणि तेल, वार्निश केव्हा. उद्या ते घर पडले तर त्या भिंतीचा निळा कोणता होता हे त्या फळीवरून सांगता येईल, आणि चित्राची दुरुस्ती करणाऱ्याला कुठे हात घालायचा तेही कळेल.

कळावे,

आपला,
एक तेलरंग चित्रकार, फोंडा – गोवा